200 च्या वर

घसा दुखत असताना दंडातील रक्त कशासाठी काढावे, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घर करून होता. त्याचा निकाल लावावा म्हणून अंबाजोगाईतील, जुन्या निजामी दप्तरातल्या मोमिनाबादेतील, एका लहानशा रक्ततपासणीच्या खोलीत मी सकाळभर बसलो.

रक्त गोठले, यंत्रात फिरले, आणि वर सुटलेल्या पिवळसर रक्तजलाचा थेंब तंत्रज्ञाने काळ्या काचपट्टीवर ठेवून त्यात दुधासारख्या द्रावणाचा दुसरा थेंब काडीने कालवला. त्या द्रावणातील सूक्ष्म लॅटेक्सकणांवर स्ट्रेप्टोकोकस जंतूचे एक विष चढविलेले असते; त्याचा प्रतिकार करणारी द्रव्ये रक्तात पुरेशी असली, तर ते कण एकमेकांना धरतात. 2 मिनिटे तो पट्टी हातात डोलवीत राहिला. “200 च्या वर असेल तरच गुठळ्या धरतात,” तो म्हणाला, आणि नासू लागलेल्या दुधासारखी बारीक कणी काळ्या काचेवर उमटली.

रक्त होते ऊसतोडीवरून परतलेल्या एका कुटुंबातील मुलीचे. “घसा दुखायला म्हणून लेकरू रडायलं व्हतं,” आई सांगत होती, “पण उचल घेतलेली, फड सोडून कुठं जावं?” त्याला 3 आठवडे झाले. घसा आपोआप निवळला; मग गुडघा सुजला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच कोपर.

टॉड या संशोधकाने 1932 साली मांडलेली ही परीक्षा मुळातच मागाहून बोलणारी आहे: प्रतिद्रव्ये वाढू लागायलाच आठवडा जातो आणि त्यांचा कळस होतो 3 ते 5 आठवड्यांनी. आजच्या घशाचा निर्णय घशातूनच बोळा फिरवून, तो रक्तमिश्रित आगरावर लावून करावयाचा. तरीही साध्या घसादुखीच्या चिठ्ठ्यांवर ‘एएसओ’ हे या परीक्षेचे नाव लिहिलेले मी त्या सकाळी दोनदा पाहिले, आणि गरिबाच्या पैशाचा हा अपव्यय मला रुचला नाही. परंतु जो घसा वेळेवर कोणी पाहिलाच नाही, ज्याच्यामागून आलेला सांधेज्वर हृदयाच्या झडपांना गाठू शकतो, त्याची कैफियत रुजू करायला या थेंबावाचून दुसरे कोण उरते?

तंत्रज्ञाने रक्तजल दुप्पट पातळ केले, मग चौपट. दोन्ही वेळा कणी धरली. आठपटीला द्रावण गुळगुळीत राहिले. चिठ्ठीवर त्याने 800 लिहिले.

“200 पायजे, अन् हिचं 800?” आई म्हणाली. “घसा तर आता दुखंना की.”