कोरियन बाराखडी

श्रोतेहो, रेडिओवर फळा नसतो. तेव्हा जवळ पाटी-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर अंगणातली धूळही चालेल. आज आपण कोरियन भाषेतले दोन शब्द लिहायचे आहेत.

कोरियात पूर्वी चिनी लिपी वापरीत. तिची अक्षरे हजारोंनी. शेतात राबणाऱ्याला ती शिकायला सवड कोठली? आपले गाऱ्हाणे कागदावर मांडायचे तर दुसऱ्याच्या दारात जावे लागे. ही अडचण ओळखून सेजोंग राजाने १४४३ साली नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. तिलाच आज हंगुल म्हणतात. मूळ वर्ण २८. आज १४ व्यंजने व १० स्वर.

आता काढा. उभी रेघ खाली आणून उजवीकडे वळवा, हा 'न'. न म्हणताना जीभ कशी वळते, त्याचेच हे चित्र! 'म' म्हणजे चौकोन, तोंडाचा आकार. उभ्या रेघेच्या मध्यावर उजवीकडे छोटी रेघ दिली की 'आ'. आडव्या रेघेच्या मध्याखाली छोटी रेघ दिली की 'ऊ'.

नियम सोपा आहे. उभा स्वर व्यंजनाच्या उजवीकडे, आडवा स्वर खाली. न-च्या उजवीकडे आ मांडा, झाले 'ना'. म-खाली ऊ मांडा, झाले 'मू'. नामू! आपल्याकडे हे माणसाचे नाव; तिकडे नामू म्हणजे झाड.

शेवटी व्यंजन आले तर ते तळाशी बसते. 'मू'च्या खाली न लिहिला की 'मून', म्हणजे दार. तिन्ही वर्ण एकाच चौकोनी घरात. अक्षराची सुरुवात स्वराने असेल तर व्यंजनाच्या जागी शून्यासारखा गोल काढतात. त्याला उच्चार नाही. तोच गोल तळाशी आला, तर मात्र 'गंगा'तल्या अनुस्वारासारखा वाजतो.

दरबारी विद्वानांना ही लिपी रुचली नाही. १४४४ साली त्यांनी विरोधाचा अर्ज केला. सरकारी कागदांत तिला मान मिळाला तो १८९४ साली. तोवर स्त्रियांनी आणि सामान्य लोकांनीच ती जतन केली.

गुरुजी, आपणही क-वर्ग, च-वर्ग असे उच्चारस्थानांप्रमाणेच मांडतो. पण मुलांकडून ते नुसते पाठ करून घेतो. उद्या वर्गात 'त' आणि 'प' म्हणायला लावून एवढेच विचारा, "जीभ कोठे लागली? ओठ केव्हा मिटले?" अक्षर तोंडात सापडले, की पाटीवर यायला वेळ लागत नाही.