माहेरच्या डोंगराची खबर घ्या



चाकणच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईलवर ज्वालामुखीचा व्हिडिओ दाखवला. म्हणाल्या, "माझं माहेर भीमाशंकरच्या बाजूला, डोंगरात. तो डोंगर असा फुटेल का हो?"

नाही फुटणार. ज्वालामुखी फुटण्याआधी जमिनीला बारीक हादरे बसतात, डोंगर फुगतो, वायू बाहेर पडतो. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच. पण तो रस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. आपला डोंगर फुटत नाही, पण पावसाळ्यात घसरतो.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवतं ना? ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला. दीडशेहून जास्त माणसं गेली.

असं का होतं? खाली कातळ, वर माती-मुरुमाचा थर. पावसाची झड लागली की पाणी मुरतं, थर जड होतो आणि कातळावरून सुटतो. सुटण्याआधी बऱ्याचदा खुणा दिसतात. त्या अशा:

- घराच्या वरच्या उताराला नवी भेग पडते, किंवा जुनी रुंदावते.
- झाडं, विजेचे खांब, कुंपण कलतं.
- भिंतीला तडा जातो, काल लागणारं दार आज अडकतं.
- झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं, आटतं किंवा नव्या जागी फुटतं.
- वरून बारीक दगड घरंगळतात, घरघर आवाज येतो.

यातलं काही दिसलं, तर "सकाळी बघू" म्हणू नका. २०२३ च्या जुलैत रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्रीच. दिवस असतानाच मुलं, म्हातारी माणसं घेऊन निघा. गुरांची दावी सोडा. ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका, मलबा त्याच वाटेनं येतो, बाजूला सरका. शेजाऱ्यांना हाक द्या. ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन करा. आधार कार्ड, गटाचं पासबुक पावसाळाभर एका पिशवीत तयार ठेवा. आणि एकदा निघालात की सामानासाठी मागे फिरू नका.

बैठकीतल्या त्या ताईंनी लगेच वहिनीला फोन लावला. ख्यालीखुशाली झाल्यावर विचारलं, "वहिनी, झऱ्याचं पाणी नितळ आहे ना? दार नीट लागतंय ना?"

मैत्रिणींनो, झड लागली की तुम्हीही माहेरी एवढं विचारा.