साडेसातची अरुंधती

मुलुंडला आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेसातला दोन आवाज हमखास यायचे: कुकरच्या शिट्ट्या आणि ‘आई कुठे काय करते’चं शीर्षकगीत. शेजारच्या काकू ती मालिका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, लाटणं हातात धरून बघायच्या. जाहिराती लागल्या की पोळी तव्यावर. मी वाटी परत द्यायच्या निमित्ताने जायचो आणि पुढचा अर्धा तास तिथेच रेंगाळायचो. मला मालिकेपेक्षा मालिका बघणारी माणसं बघायची खोड आहे.

मालिकांचा इतिहास थोडक्यात उरकतो. मुंबई दूरदर्शन १९७२ सालचं. ‘दामिनी’ने मराठीला रोजच्या मालिकेची सवय लावली आणि पत्रकार नायिका दिली. १९९९च्या ‘आभाळमाया’तली सुधा जोशी प्राध्यापिका होती. त्याआधी, १९८४च्या ‘हम लोग’मध्ये भाग संपताना अशोक कुमार स्वतः येऊन दोन शब्द समजुतीचे सांगायचे.

आता ते काम काकूंच्या सासूबाई करतात. वय ऐंशीच्या पुढे, कान मंद, मत खणखणीत. मालिकेची नायिका अरुंधतीने, म्हणजे मधुराणी प्रभुलकरने, पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अनिरुद्धला घटस्फोट द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळं घर गप्प झालं. आजी म्हणाल्या, “फारच उशीर केला गं हिने.” काकूंनी वळून सासूबाईंकडे असं पाहिलं, की मला वाटी ठेवून निघावंसं वाटलं. या घरात ‘घटस्फोट’ हा शब्द तोवर दबक्या आवाजातच उच्चारला जायचा. आपल्या घरातलं बोलायला परक्या घरातली अरुंधती बरी पडते.

डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेली ही मालिका मूळची बंगाली, ‘श्रीमयी’. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली, म्हणजे घाटकोपरच्या गुजराती घरांतही हाच वाद वेगळ्या नावाने चालला असणार.

टीव्हीमुळे घरातली मतं बदलतात का, यावर अभ्यासही झालाय. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळातली १८० गावांची माहिती तपासली. त्यांत आपल्या गोव्यातलीही गावं होती. जिथे केबल नव्याने आली, तिथे बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्टही उतरला. मला गंमत वाटते ती याची, की तेव्हा केबलवर सासू-सुनांचं राज्य होतं. सुधारणेचा विडा कुणी उचलला नव्हता. नुसतं शहरातलं घर दिसलं, त्यात पगार घेणारी, उलट बोलणारी बाई दिसली.

पण दर वेळी वारं त्याच दिशेने वाहत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या प्रेयसी शनायाने, बायकोला फसवणाऱ्या गुरुनाथच्या फजितीला लोक हसले आणि त्याला सोडून दिलं. हा हिशेब मला अजून पटलेला नाही. काकूंशी त्यावरून माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. “पुरुष तसेच असतात,” हे त्यांचं उत्तर.

पुढे अरुंधती तिच्या मित्राशी, आशुतोषशी लग्न करायला निघाली, तेव्हा लेडीज डब्यात दोन तट पडल्याचं काकूंच्या सुनेने घरी येऊन सांगितलं. ती स्वतः लग्नाच्या बाजूची. काकू म्हणाल्या, मैत्री ठेवावी, लग्न कशाला? दोघींनी निवाड्यासाठी आजींकडे पाहिलं.

“करू दे की तिला,” आजी म्हणाल्या. “मालिका आहे ती. आपल्याकडे नको हो.”