आर्किटेक्टची सही: ट्रॉम्बे ते दिल्ली

मुंबईतल्या ट्रॉम्बेत जुनी इमारत पाडून नवी उभी राहायची असली की सोसायटीच्या सभेत तीनच प्रश्न असतात. आयओडी झाली का? सीसी आली का? ओसी कधी? आराखड्याच्या मंजुरीची, बांधकाम सुरू करण्याची आणि वापराची ही कागदपत्रे महापालिकेकडून मिळवायची तर नकाशावर सही लागते आर्किटेक्टची किंवा महापालिकेचा परवाना असलेल्या सर्व्हेअरची. सर्व्हेअरला महापालिका परवाना देते. आर्किटेक्टची नोंदणी मात्र थेट दिल्लीत, वास्तुकला परिषदेकडे. महाराष्ट्राचा स्वतंत्र परवाना नाहीच.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने असा परवाना 1897 मध्येच आणला, ब्रिटनने नोंदणीचा कायदा 1931 मध्ये केला. मुंबईतही हालचाल लवकरच सुरू झाली होती. सर जे. जे. स्कूलमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 1917 मध्ये संघटना बांधली आणि 1929 मध्ये तीच 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. तरी देशात आर्किटेक्टच्या नोंदणीच्या कायद्याला 1972 उजाडले. म्हणजे 1956 मध्ये ट्रॉम्बेत 'अप्सरा' ही आशियातली पहिली मानली जाणारी अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा देशात कोणीही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत होता!

या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. पदवी नसलेला, पण पहिल्या नोंदवहीसाठी ठरवलेल्या तारखेआधी किमान 5 वर्षे हेच काम करत आलेला भारतीय नागरिकही त्या नोंदवहीत बसू शकत होता. टेबलावर वाकून हात तयार झालेल्यांना कायद्याने दाराबाहेर ठेवले नाही.

नोंदणीशिवाय आर्किटेक्ट ही उपाधी लावली, तर कलम 37 आडवे येते. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड होता. पण हे कलम नेमके काय अडवते? सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये निकाल दिला: ते उपाधी अडवते, काम नाही. नोंदणी नसलेल्याने वास्तुरचनेचे काम करण्यावर या कलमाने बंदी नाही.

ट्रॉम्बेत याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. 1976 मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी ही वस्ती हटवून तिथल्या रहिवाशांना चीता कॅम्पला हलवले. तिथली घरे कुटुंबांनी गवंड्यांना हाताशी धरून, पैसे जमतील तशी वाढवली. याचे दुसरे टोकही जवळच आहे: अणुशक्तीनगरात अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय आहे. 1983 मध्ये स्थापन झालेले हे मंडळ अणुवीज केंद्रांना जागा निवडण्यापासून बांधकामापर्यंत टप्प्याटप्प्याने परवानगी देते.