नर की मादी? सिक्लिडच्या पिल्लांचा मागोवा

परभणीकडच्या देवगाव फाट्यावर हौसेने काचेच्या टाकीत मासे पाळणारा आणि आठवडी बाजारात चिलापी तोलून घेणारा, या दोघांना एकमेकांशी काही घेणंदेणं आहे असं वाटत नाही. पण एंजल, ऑस्कर, पिवळा लॅब आणि चिलापी हे सगळे एकाच सिक्लिड कुळातले. कोकण-गोव्यातला कालुंदरही त्यांच्यातलाच, आणि तो तर अस्सल देशी. या कुळातल्या बोटभर पिल्लांत नर कोणता नि मादी कोणती, ही डोकेदुखी टाकीवाल्यांच्या आधी तळेवाल्यांची झाली.

मोझांबिकची टिलापिया, म्हणजे आपली चिलापी, भारतात आली 1952 साली. काहीही खाते, कशाही पाण्यात तगते, म्हणून कौतुक झालं. पण ती दोन-तीन महिन्यांतच वयात येते, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात आणि तळ्यात इतकी दाटी होते की एकही मासा धड वाढत नाही. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली, पण ती काही कागद वाचून थांबणारी नव्हती.

टिलापियात नर मादीपेक्षा झपाट्याने वाढतो. मग नुसते नरच तळ्यात सोडले तर? जगभर हाच विचार झाला आणि पिल्लं हाताने निवडणं सुरू झालं. पिल्लू ओल्या हातात उताणं धरायचं, गुदद्वारामागच्या छोट्या उंचवट्यावर शाईचा किंवा मेथिलीन ब्ल्यूचा थेंब लावायचा आणि छिद्रं बघायची. नराला दोन: गुदद्वार आणि मागे टोकाशी एक. मादीला तीन, मधलं आडव्या चिरेसारखं. वीस-तीस ग्रॅमच्या आतल्या पिल्लात हे नीट दिसत नाही, आणि दिवसभर शेकडो पिल्लं उलटीपालटी करताना सरावलेला माणूसही चुकतो. चार माद्या चुकून गेल्या तरी तळं पुन्हा पिल्लांनी भरणार.

म्हणून बघण्याचा नाद सोडून शास्त्रज्ञ घडवण्याकडे वळले. 1960 मध्ये हिकलिंग यांनी मलाक्कात टिलापियाच्या दोन जातींचा संकर करून जवळपास सगळी नरच पिल्लं मिळवली. पुढे पिल्लाच्या पोटाखालचा बलक संपताच तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देण्याची पद्धत रुळली. तेवढ्याने जन्माने मादी असलेलं पिल्लूही नर होऊन वाढतं. पिल्लाचं लिंग पहिल्या काही आठवड्यांत वळवता येतं, ही गोष्ट तळेवाल्यांना अशी धंद्यातून कळली.

टाकीवाल्यांना ती कळायला वेळ लागला. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्येच सुरू झालं, पण आमच्याकडे घरोघरी टाक्या आल्या त्या फार नंतर. तेव्हापासून दुकानात ऐकू येणारं वाक्य एकच: "काका, जोडीच द्या हं." काकाही इंचभराचे दोन एंजल बेधडक पिशवीत घालतात. एवढ्या एंजलमध्ये नर-मादी ओळखणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यांची जननलिका अंडी घालायच्या वेळीच बाहेर डोकावते, नराची बारीक नि टोकदार, मादीची जाड नि बोथट. कधी दोन माद्याच जोडी जमवतात, पानावर अंडी घालतात आणि ती अंडी पांढरी पडतात. ऑस्करचं तर बाहेरून काहीच कळत नाही.

रंगावर जावं तर तिथेही चकवा. ऑरॅटस या सिक्लिडची सगळी पिल्लं पिवळी, काळ्या पट्ट्यांची. पुढे वरचढ नर काळपट होतो, पण दबलेला नर बरेच दिवस मादीच्याच रंगात वावरतो. गुदपरावरचे अंड्यासारखे ठिपके मादीला नराजवळ खेचतात, असं संशोधक विकलर यांनी 1962 मध्ये मांडलं. ठिपका दिसला की नर, असा समज हौशी मंडळींत आहे. पिवळ्या लॅबच्या माद्यांनाही ठिपके असतात, त्याचं काय? फ्लॉवरहॉर्न सिक्लिडच्या डोक्यावरच्या टेंगळाचंही तेच, मादीलाही ते येतं. भरवसा ठेवण्यासारखी म्हणजे कॉन्व्हिक्ट सिक्लिडची मादी. तिच्या पोटावर लवकरच नारिंगी झाक येते.

मुळात काही जातींत नर की मादी हे पाण्यावरही ठरतं. 1985 मध्ये रुबिन यांनी दाखवलं की पाण्याच्या आम्लतेने काही सिक्लिडांच्या पिल्लांतलं नर-मादीचं प्रमाण बदलतं. 1996 मध्ये रोमर आणि बायझेनहर्त्स यांनी अपिस्टोग्रामा या सिक्लिडच्या जाती वेगवेगळ्या तापमानांत वाढवल्या. बहुतेक जातींत गरम पाण्यात नर जास्त निघाले, आणि हा निकाल पिल्लांच्या पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यातच लागत होता. त्यांचं सर्वांत गरम पाणी होतं 29 अंशांचं. परभणीच्या मे महिन्यात टाकीचं पाणी त्याच्यावर सहज जातं. म्हणजे अशा जातींत महिन्याच्या आतलं पिल्लू नर की मादी, हे दुकानदाराला सांगता येत नाही, कारण ते अजून ठरलेलंच नसतं.

तेव्हा इंचभराच्या पिल्लांची ‘खात्रीची जोडी’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. त्याच पैशांत सहा-आठ पिल्लं घ्या, मोठ्या टाकीत एकत्र वाढवा आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्या. आणि उरलेली पिल्लं दुधना नदीत किंवा येलदरी धरणात सोडू नका. चिलापी एकच पुरे झाली.