जीप नवी करू नका, चालती करा

मराठवाड्याच्या रस्त्यांना लष्करी जीप नवी नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरलं, तेव्हा त्याच्याकडची बहुतेक वाहनं दुसऱ्या महायुद्धातली होती आणि त्यांत जीप होतीच. आजच्या लातूर जिल्ह्यातलं उदगीर त्या काळी निजामी राजवटीतल्या बीदर जिल्ह्यात होतं. पुढं त्याच जीपची धाकटी भावंडं इथं पोटापाण्याला लागली. ती महिंद्राची, डिझेल इंजिनाची, काळ्या-पिवळ्या रंगाची होती आणि अहमदपूर, देवणी, जळकोटच्या वाटेवर मागच्या फळीवरसुद्धा माणसं उभी राहतील इतकी भरून धावायची. लष्करानं निकालात काढलेली एखादी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घरच्या अंगणात आणून दुरुस्त करण्याची हौस आता छोट्या गावांतही दिसते. या हौसेबद्दल माझं एक ठाम म्हणणं आहे. अशी गाडी नवी करण्याच्या मागं लागू नये. ती चालती करावी आणि तिचं मूळचं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवावं. नवी करायला पैसा पुरतो, पण मूळचं वाचवायला जाणकार हात लागतात, आणि ते हात उदगीरसारख्या गावात अजून आहेत.

अशा गाड्यांच्या ढोबळमानानं चार पिढ्या. पहिली महायुद्धातली विलीज आणि फोर्ड जीप. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. दुसरी महिंद्राची. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या या कंपनीनं दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढं उंच बॉनेटची सीजे-३बी इथंच बनू लागली. तिसरी जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली जोंगा. ती निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवर बेतलेली, जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची, १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं बनत राहिली. चौथी मारुती जिप्सी, १९८५ मध्ये बाजारात आलेली आणि लष्करात दीर्घकाळ राबलेली. विकत घेण्याआधी आपली गाडी यांपैकी कुठली हे ओळखणं महत्त्वाचं, कारण कायदा या चौघींना एकाच मापानं मोजत नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, खाजगी वापराच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे विलीजला हा दरवाजा उघडा, महिंद्रा आणि जोंगाच्या फक्त सुरुवातीच्या गाड्यांना उघडा, आणि जिप्सीला अजून बंद. लष्करी वाहनाची नोंद संरक्षण खात्याकडे वेगळी असते, क्रमांकाच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण असतो, आणि नागरी नोंदणी गाडी विकली गेल्यावर होते. म्हणून विक्रीपत्र, लष्करातून मुक्त केल्याचा कागद आणि चासीवर कोरलेला क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळतात की नाही हे पैसे देण्यापूर्वी पाहावं. कागद नसलेली गाडी स्वस्त पडते, पण ती अंगणातच राहते.

हौशी माणसाला गाडी नवी करण्याचा मोह दोन तऱ्हांनी होतो. एकात रुंद टायर, एलईडी दिव्यांची पट्टी, दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन आणि चकचकीत बंपर येतात. दुसऱ्यात सगळा गंजका पत्रा फेकून नवा तयार सांगाडा बसवला जातो आणि गाडी कारखान्यातून कालच निघाल्यासारखी दिसते. पहिल्या मोहाला कायद्यानंच आडकाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. दुसरा मोह कायद्याच्या नजरेतून कदाचित सुटेल, पण त्यात वस्तूच हरवते. विलीज आणि फोर्ड यांच्या जीप दिसायला एकसारख्या. तरी फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवलं होतं, आणि चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजला गोल नळीचा तर फोर्डला उलट्या यू आकाराचा असे. लष्करी जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी जीपला सात. लढाईनंतर कुठल्या कार्यशाळेनं काय बदललं, कुठं पत्र्याचं ठिगळ मारलं, कुठला बोल्ट भारतात वळवला, हे सगळं त्या पत्र्यावर नोंदलेलं असतं. नवा सांगाडा बसवला की ही नोंद भंगारात जाते.

रंगाचा प्रश्नही यातलाच. ऑलिव्ह ग्रीन रंगावर लोकांचा फार जीव. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याशिवाय कोणाच्याही वाहनाला तो रंग द्यायला मनाई करतो. हा नियम मला योग्य वाटतो, कारण लष्कराची गाडी कुठली हे रस्त्यावर लांबून कळायला हवं. म्हणून बाहेरून दुसरा रंग द्यावा. डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला किंवा सीटखालच्या कोपऱ्यात जुन्या रंगाचे थर उरले असतील तर ते मात्र खरवडू नयेत. त्या थरांवरून गाडीची नोकरी वाचता येते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात इंजिनापासून करावी असं सगळ्यांना वाटतं, कारण आवाज आला की हुरूप येतो. पण गाडी वाचते किंवा मरते ती चासीवर. जुन्या विलीजच्या तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोटात लाकूड ठासलेलं असतं. वर्षानुवर्षं ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तिच्या खोबणीतही तेच होतं. सडलेला भाग तेवढाच कापून त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा बसवणं हे वेल्डर आणि डेंटरचं काम, आणि त्यात घाई चालत नाही. टाकी काढून गाडीपासून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक.

विजेच्या बाबतीत महायुद्धातली जीप सहा व्होल्टची. तेवढंच काम अर्ध्या व्होल्टेजवर करायचं तर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेला प्रत्येक जोड स्टार्टरची ताकद खातो. बरेच जण वैतागून बारा व्होल्ट करून टाकतात. त्याआधी जाड केबल टाकून आणि चासीला अर्थिंगचे जोड घासून पुसून पाहावं, बहुतेक वेळा सहा व्होल्टवर गाडी उठते. इंधनाचा मुद्दा मात्र नवा आणि आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलचा मोठा स्रोत म्हणजे लातूरच्या शिवारातलाही ऊस. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराची पंपातली पडदी आणि नळ्या फुगवतं, उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवतं. इथं मूळचं रबर वाचवण्याचा हट्ट चुकीचा. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदी घालावी. सुरक्षिततेच्या भागाला माझा नियम लागू नाही, आणि ब्रेकचं रबर, टायर, स्टिअरिंगचे सांधे यांनाही नाही.

फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे काय, हे काळ्या मातीच्या मुलखात नीट समजून घ्यायला हवं. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते. ती इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटते, आणि लो गिअर टाकला की वेग जवळजवळ निम्मा होऊन ओढ तितकीच वाढते. या जुन्या रचनेत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडं जास्त अंतर तोडतात. चिखलात चाकं घसरून हा फरक मिटतो, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर तो मिटायला वाव नसतो आणि सगळा पीळ शाफ्ट व गिअरांवर चढतो. म्हणून डांबरीवर पुढचा ॲक्सल सोडलेला असावा, आणि पाचही टायर एकाच मापाचे असावेत. पुढच्या चाकांच्या सांध्याभोवती ग्रीसनं भरलेला गोल असतो. त्याचं सील फाटलं की आपली चिकण काळी माती आत शिरून सांधा दळते. हे सील दर पावसाळ्याआधी पाहावं. याच गाड्यांना काही वेळा दोन अर्धे बोल्टनं जोडलेली चाकं येतात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल केले तर चाक तोफेसारखं उडतं आणि माणूस जागीच जातो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा त्याची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. घरी काम करणाऱ्यानं या दोन गोष्टींत कुणाचं ऐकू नये.

आक्षेप घेणारे म्हणतात, धूर ओकणारं जुनं इंजिन आज कशाला चालवायचं? एका मर्यादेपर्यंत त्यांचं बरोबर आहे. साठ अश्वशक्तीच्या विलीज इंजिनाला आजचे धूर-नियंत्रक नाहीत आणि ते रोज बाजारात न्यायला नकोच. पण वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या, कार्ब्युरेटर आणि टायमिंग नीट बसवलेल्या गाडीचा हिशोब रोजच्या वाहनाच्या मापानं लावता येत नाही. विंटेज नोंदणीचे निर्बंधही हेच पाहतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाचं साधन अंगणात सजवून आपण युद्धाचाच गौरव करतो का? जीपवर बंदूक बसवून, छाती फुगवून फोटो काढणाऱ्यांना तो लागू पडतो. पण लष्कराच्या गाड्यांची लातूर जिल्ह्याला दुसरीही ओळख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मदतीला लष्कर आलं. ढिगाऱ्यातल्या गावांपर्यंत माणूस आणि पाणी पोहोचवणारं वाहनही याच जातीचं. तिसरा आक्षेप पैशाचा. गाडी पूर्ण नवी करण्याचा खर्च सामान्य घराला झेपत नाही हे खरंच. चालती करण्याचा खर्च टप्प्याटप्प्यानं करता येतो. आधी चासी, मग ब्रेक, मग इंजिन, आणि रंग सगळ्यांत शेवटी, या क्रमानं दोन-तीन वर्षं लागली तरी बिघडत नाही.

आणि हे काम उदगीरात का होऊ शकतं, याचं उत्तर काळी-पिवळीत आहे. विलीजची ट्रान्सफर केस, ॲक्सल आणि पाट्यांची रचना पुढं महिंद्राच्या गाड्यांत थोड्याफार फरकानं टिकून राहिली. महिंद्रा कमांडरची क्राउन-पिनियन बदललेला, पाटे चढवलेला, लेथवर बुश वळवून घेतलेला मिस्त्री विलीजसमोर परका नसतो. मोठ्या शहरातलं आधुनिक सर्व्हिस सेंटर बिघडलेला भाग काढून नवा बसवतं. हा मिस्त्री बिघडलेला भाग खोलतो, मोजतो आणि पुन्हा बांधतो. काळ्या-पिवळ्या मात्र आता कमी होत चालल्यात, आणि त्यांवर हात बसलेले मिस्त्री वयस्क झालेत. म्हणून गाडी खोलताना एक वही ठेवावी. कुठला वॉशर कुठं होता, बेअरिंगचा नंबर काय, कुठला भाग बाहेरून वळवून घेतला आणि कुठल्या धातूचा, हे मिस्त्री सांगेल तसं त्याच्याच शब्दांत उतरवावं. खोलण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढावेत, काढलेले बोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यांत ठेवावेत, आणि गावातला आयटीआयचा एखादा मुलगा सोबत घ्यावा. त्या मुलाला मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात कार्ब्युरेटर वरवर भेटतो. इथं तो स्वतःच्या हातानं बसवेल.