विद्यार्थी चालवत असलेले रेडिओ स्टेशन विद्यापीठ विकू शकते? ह्यूस्टनमध्ये नेमके काय घडले?

स्टेशन चालवतो तो मालक की परवाना असतो तो? अमेरिकेतील 'केटीआरयू'च्या विद्यार्थ्यांना याचे उत्तर महागात पडले.

सुरुवात कुठे झाली?
राइस विद्यापीठाच्या वसतिगृहात, १९६७ मध्ये. १९७१ मध्ये ते एफएमवर आले. पुढे क्षमता ५० हजार वॉटवर गेली.

मग वाद कशाचा?
परवाना विद्यापीठाकडे होता. २०१० मध्ये प्रशासनाने विद्यार्थ्यांना न विचारता तो ट्रान्समीटरसह ह्यूस्टन विद्यापीठाला ९५ लाख डॉलरना विकण्याचे ठरवले. निदर्शने झाली, पण एप्रिल २०११ मध्ये ९१.७ वरचे 'केटीआरयू' बंद पडले.

आता काय स्थिती?
२०१५ पासून ते ९६.१ वर पुन्हा ऐकू येते. मात्र अशा लो-पॉवर परवान्याला कमाल १०० वॉटचीच मुभा आहे. पूर्वी शहरभर पोहोचणारे स्टेशन आता एफएमवर आसपासच्या परिसरापुरतेच उरले आहे.